जंगलातल्या खोल बर्फासाठी स्की: रुंदी नंतर बघा, आधी शेपूट

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. उंची 175 सेंटिमीटर, वजन 78 किलो. गुलमर्गला दोन हिवाळ्यांत बेसिक आणि इंटरमीडिएट कोर्स झाला, दाबलेल्या उतारावर समांतर वळणं नीट येतात. आता खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, आणि झाडांमधून उतरायचं आहे आणि त्यासाठी स्वतःची पहिली जोडी घ्यायची आहे. एका मित्राने 124 मिलिमीटर रुंद आणि 190 सेंटिमीटर लांब स्की सुचवल्या, कॅनडातल्या मावसभावाने 88 मिलिमीटर रुंदी पुरेल म्हणून सांगितलं. कुणाचं ऐकू?

दोघांचंही नको. मावसभाऊ बहुधा रोज मशिनने दाबलेल्या उतारावर जातो, आणि मित्राच्या डोक्यात अलास्काचे व्हिडिओ आहेत. तुम्हाला जायचंय गुलमर्गच्या झाडीत, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा गुलमर्गहून, म्हणजे साधारण 2,650 मीटरवरून, कोंगदूरीला नेतो. दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर सोडतो. वरचा सगळा भाग उघडा आहे, तिथे एकही झाड नाही. झाडी लागते ती खाली. आधी भूर्ज, मग फर आणि कैल ही सूचिपर्णी झाडं. (हो, हाच तो भूर्ज, ज्याच्या सालीवर काश्मिरातल्या पोथ्या लिहिल्या गेल्या. खोडावरची कागदासारखी सुटलेली साल बघत थांबलो की मागचे लोक ओरडतात.) मंकी हिल, बाबा रेशीच्या बाजूचं जंगल, आणि बर्फ खालपर्यंत असेल तर थेट खालच्या टंगमर्ग गावाच्या दिशेने उतरणारे रस्ते. भूर्जांत मोकळी जागा बरी असते, फरमध्ये नाही. कित्येक ठिकाणी दोन खोडांमध्ये चार-पाच मीटरच मिळतात, आणि फरच्या खालच्या फांद्या बर्फाने वाकून गुडघ्याला लागतात. अशा जागी एका वळणाला उशीर झाला तर दुसरी संधी मिळत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं. झाडीसाठी स्की निवडताना सगळे रुंदी विचारतात, मी आधी टेल बघतो, म्हणजे स्कीचं मागचं टोक. पाय वळवला की शेपूट मुकाट मागोमाग येतं की बर्फात अडकून बसतं, यावर सगळं ठरतं. बर्फावर तरंगणं तुलनेने सोपं आहे. झाड समोर आल्यावर अर्ध्या सेकंदात स्की आडवी करता येणं अवघड आहे.

हे मी ठेच खाऊन शिकलो. खूप वर्षांपूर्वी एका परदेशी पाहुण्याकडून हंगामाच्या शेवटी जुनी जोडी स्वस्तात घेतली. 191 सेंटिमीटर, आत वरखाली धातूचे पत्रे, शेपूट सपाट आणि ताठ. रुंदी चांगली 112 होती, त्यामुळे मी खुशीत. उघड्या उतारावर ती आगगाडीसारखी धावायची. मग मंकी हिलच्या झाडीत गेलो. तिसऱ्या वळणाला पुढचा भाग वळला, मागचा बर्फात रुतून सरळच राहिला आणि मी फरला मिठी मारली. बरगडीला सहा आठवडे पट्टा होता. स्कीचा काही दोष नव्हता, ती वेगळ्या कामासाठी बनवलेली होती.

आता थोडं मागे जाऊन सांगतो, कारण आकारामागचं कारण कळलं की दुकानातली बडबड ऐकावी लागत नाही. 1980 च्या दशकापर्यंत पावडरमध्येही लोक बुटाखाली सत्तरेक मिलिमीटर रुंदीच्या, दोन मीटर लांब स्कीवर जात. पुढचं टोक बुडू नये म्हणून मागे रेलून बसायचं, मांड्यांची आग व्हायची. 1988 मध्ये ॲटॉमिक कंपनीच्या रुपर्ट ह्युबर यांनी स्नोबोर्ड उभा कापून त्याच्या दोन स्की करून बघितल्या, आणि त्यातून पहिली रुंद स्की आली. गंभीर स्कीअर तिला हसायचे, म्हाताऱ्या पर्यटकांची स्की म्हणायचे. नंतर शेन मॅकॉन्की नावाच्या अवलिया स्कीअरने 1996 मध्ये एका बारमध्ये कागदी रुमालावर उलटी स्की रेखाटली. खोल बर्फावर पाण्यासारखं तरंगायचं तर वॉटर स्कीसारखा आकार हवा, टणक बर्फावर कोरत जाणाऱ्या स्कीसारखा नको, हा त्याचा मुद्दा. त्याने अलास्कात खरोखरच वॉटर स्कीवर बाइंडिंग, म्हणजे बूट पकडणारा खटका, ठोकून उतार केला. 2002 मध्ये व्होलांट कंपनीने त्याची स्पॅच्युला नावाची स्की बाजारात आणली, बुटाखाली 125 मिलिमीटर. मधला भाग सर्वांत रुंद आणि दोन्ही टोकं वर उचललेली. दाबलेल्या टणक उतारावर ती जवळजवळ निरुपयोगी होती. पण आज दुकानात दिसणाऱ्या प्रत्येक पावडर स्कीत तिचा अंश आहे.

त्या उचललेल्या टोकांना रॉकर म्हणतात. झुलत्या खुर्चीच्या खालच्या वाकलेल्या पट्ट्या डोळ्यांसमोर आणा. याच्या उलट कॅम्बर: स्की जमिनीवर ठेवली की मध्ये कमान दिसते, आणि तुमच्या वजनाने ती दबून धारेची पूर्ण लांबी टणक बर्फाला पकडते. तुम्हाला दोन्ही थोडं थोडं हवं. पुढे भरपूर रॉकर, बुटाखाली थोडी कमान, मागे पुन्हा रॉकर. पुढचा रॉकर म्हणजे कोकणातल्या होडीची नाळ, लाटेवर चढते, लाटेत घुसत नाही. मागचा रॉकर शेपूट मोकळं करतो. बुटाखालची कमान कशासाठी? तर गंडोल्याकडे परतताना शेवटचा भाग नेहमी घासून टणक झालेला असतो, आणि तिथे नुसत्या रॉकरच्या स्कीवर माणूस साबणावर उभा राहिल्यासारखा होतो.

दुकानात हे तपासायला काही लागत नाही. दोन्ही स्की तळ तळाला लावून हलकेच आवळा आणि बाजूने बघा. टोकापासून कुठवर फट राहते ते मोजा. पुढे तीसेक सेंटिमीटर आणि मागे वीसेक फट दिसली तर तुमच्या कामाची. मागे फट जवळजवळ नसेल आणि शेपूट सपाट कापलेलं असेल तर ती ठेवून द्या, कितीही सवलत असो. मग वरून बघा: सर्वांत रुंद जागा अगदी टोकाला आहे की थोडी आत, बुटाच्या दिशेने सरकवलेली? आत हवी. टोक निमुळतं होत गेलं की ते खोल बर्फात आपल्या मनाने एका बाजूला ओढत नाही. शेवटी शेपूट फरशीवर टेकवून, एका हाताने टोक धरून दुसऱ्याने मध्यावर दाबा. पुढचा भाग सहज वाकला पाहिजे, मधला जवळजवळ नाही, मागचा दोन्हींच्या मधला. शेपूट दगडासारखं ताठ असेल तर ते तुमच्याहून वजनदार आणि वेगवान माणसासाठी आहे.

रुंदीबद्दल ढोबळ हिशेब करून दाखवतो. तुमचं 78 किलो, त्यात बूट, स्की, पाठीवरची सॅक धरून 95 किलो. 170 सेंटिमीटर लांब आणि बुटाखाली 70 मिलिमीटर स्कीची सरासरी रुंदी नऊ सेंटिमीटर धरली तर दर चौरस सेंटिमीटरला 31 ग्रॅम भार येतो. 180 लांब, बुटाखाली 108, सरासरी बारा सेंटिमीटर: 22 ग्रॅम. मित्राची 190 लांब, 124 रुंद, सरासरी साडेतेरा: साडेअठरा. पहिल्या उडीत नऊ ग्रॅमची कमाई आहे, दुसरीत जेमतेम साडेतीनची. आणि त्या साडेतीन ग्रॅमची किंमत अशी की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला प्रत्येक वळणाला जास्त वेळ लागतो, टणक बर्फावर गुडघ्याला पीळ बसतो, आणि दहा सेंटिमीटर जादा लांबी झाडांत फिरवावी लागते. उघड्या अफरवतवर, वादळानंतरच्या पहिल्या सकाळी, 124 म्हणजे चैन आहे. मीही घालतो. पण तुमची एकच जोडी असणार आहे.

त्यात गुलमर्गचा बर्फ. जपानमधल्या होक्काइदोसारखा रोज थोडा थोडा हलका बर्फ इथे पडत नाही. पश्चिमी विक्षोभ येतो, दोन-तीन दिवसांत कधी मीटरभर टाकून जातो, मग आठवडाभर कडक ऊन. आपण 34 अंश उत्तर अक्षांशावर आहोत, फेब्रुवारीतलं ऊनही जोरदार असतं. उन्हाकडच्या उतारांवर दुसऱ्याच दिवशी साय, म्हणजे टणक पापुद्रा, धरते, सावलीतल्या झाडीत मात्र पावडर चार-पाच दिवस टिकते. जंगलात जायचं खरं कारण हेच. म्हणजे तुमच्या दहा दिवसांच्या मुक्कामात निखळ खोल पावडरचे दिवस दोन किंवा तीन, बाकी दिवस चिरडलेला, सायीचा, सावलीतला उरलेला. या सगळ्याला पुरेल अशी रुंदी 104 ते 110. 88 ची स्की खोल बर्फात चालतेच, पण त्यासाठी जे तंत्र लागतं ते अजून तुमच्याकडे नाही, आणि दमल्यावर माणूस झाडांत चुका करतो.

लांबीला कॅटलॉगमधला आकडा फसवा असतो. दोन्ही टोकं उचललेली असली की 180 ची स्की टणक बर्फावर 160 सारखी वाटते. तुमच्या उंचीपेक्षा तीन ते सात सेंटिमीटर जास्त, म्हणजे 178 ते 182, यातली जी मिळेल ती. 172 घेतलीत तर खोल बर्फात टोक बुडेल, 186 वर गेलात तर माझी बरगडी आठवा.

वळणाची त्रिज्या म्हणून एक आकडा स्कीवर छापलेला असतो, 17 मीटर, 19 मीटर वगैरे. लोक त्यावर तासन्‌तास वाद घालतात. खोल बर्फात त्याला फारसा अर्थ नाही, तिथे स्की कोरत नाही, वाकते आणि घसरते. सोडून द्या.

वजन मात्र बघा, आणि इथे माझं मत चालू फॅशनच्या थोडं विरुद्ध आहे. हलकी स्की सगळ्यांना हवी असते. गुलमर्गला दुसऱ्या टप्प्याच्या वर उतरून कड्याकडेने अर्धा तास स्की खांद्यावर घेऊन चालताना मलाही हवी असते, हवा विरळ आहे, दर वीस पावलांवर थांबावं लागतं. पण खूप हलकी स्की चिरडलेल्या बर्फात टाळक्यावर टपली बसल्यासारखी उडते. एका स्कीला 1,800 ते 2,000 ग्रॅम हा चांगला मध्य. गाभा लाकडाचा, धातूचे पूर्ण पत्रे नसलेला. बुटाखाली छोटा तुकडा असला तर हरकत नाही, तो स्क्रू धरून ठेवतो.

नावं विचाराल म्हणून दोन सांगतो: ॲटॉमिक बेंट 110 आणि सॅलोमन क्यूएसटी 106. पहिलीचं शेपूट जास्त मोकळं, खेळकर. दुसरी टणक बर्फावर जास्त भरवशाची. मला झाडांत पहिली आवडते, तुम्हाला कदाचित दुसरी झेपेल. पण कंपन्या तेच नाव ठेवून दोन-तीन वर्षांनी आतली स्की बदलतात, म्हणून नावापेक्षा वर सांगितलेली हाताने करायची तपासणी महत्त्वाची. दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल परदेशात मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच कमी दरात मिळतं, मावसभावाला त्या कामाला लावा.

जुनी जोडी घेणार असाल तर तीन गोष्टी. बाइंडिंगसाठी आधी किती वेळा भोकं पाडली आहेत ते बघा, दोनदा पाडलेली असतील तर नको. धार कुठे चेपली किंवा सुटली आहे का ते नखाने चाचपा. तळावरचा ओरखडा काळ्या थराखालच्या लाकडापर्यंत गेला असेल तर पाणी आत शिरलेलं असू शकतं. बाकी ओरखड्यांना घाबरू नका. गुलमर्गला डिसेंबरात उतरलात तर नवीन जोडीलाही पहिल्याच दिवशी पडतील, बर्फाखाली दगड आणि पडलेली खोडं असतातच. चिल्ले कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, त्याचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी, हा झाडीचा खरा हंगाम.

बाइंडिंगबद्दल. तुम्ही गंडोल्याने वर जाणार, स्कीच्या तळाला पकड देणारी कातडी लावून चढणार नाही, तर साधं अल्पाइन बाइंडिंग घ्या. चढाईची पिन बाइंडिंग हलकी असतात, पण पडल्यावर सुटण्याच्या बाबतीत माझा अल्पाइनवर जास्त विश्वास आहे. सुटण्याचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटेल तो, 4 ते 13 या पट्ट्यातलं पुरेल. ब्रेकची रुंदी स्कीइतकी किंवा पाच-दहा मिलिमीटर जास्त. 108 च्या स्कीला 110 चा ब्रेक बसतो. जागा कंपनीने खूण केलेलीच. पुढे दोन सेंटिमीटर लावली की वळायला सोपं जातं असं कुणी सांगेल, ते खरं आहे, पण खोल बर्फात टोकही तितकंच लवकर बुडतं. आणि सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुमची तयारी यांच्या तक्त्यावरून काढतात. स्की हरवू नये म्हणून तो वाढवणारे लोक मी पाहिलेत. खोल बर्फात स्की हरवते हे खरं, एकदा मी आणि दोन पोरं दीड तास एक स्की शोधत होतो. त्यावर उपाय म्हणजे दीड मीटरची भडक रंगाची फीत, एक टोक स्कीला बांधायचं, दुसरं पँटच्या पायात खोचायचं. गुडघ्याचा लिगामेंट फितीने परत मिळत नाही.

तो सुटण्याचा मुद्दा झाडीत आणखी गंभीर आहे. फरच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे खोडाभोवती पोकळ, भुसभुशीत खड्डा राहतो. वरून दिसत नाही. माणूस त्यात डोकं खाली, पाय वर असा पडतो, आणि स्की फांद्यांत अडकलेल्या असल्या तर स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य. गुदमरायला काही मिनिटं पुरतात. म्हणून झाडीत काठीचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत, शिट्टी कॉलरजवळ ठेवायची, आणि सोबती कायम नजरेच्या टप्प्यात. आधी जाऊन खाली भेटू, हा करार झाडीत चालत नाही. वाटलंच की खड्ड्यात जातोय, तर खोड किंवा फांदी धरायची आणि डोकं वर ठेवायचं, बाकी काही नाही.

झाडं आहेत म्हणजे हिमस्खलन नाही, असाही एक गोड गैरसमज आहे. ज्या झाडीतून स्की करता येण्याइतकी जागा आहे, तिथून बर्फही येऊ शकतो, वरच्या उघड्या उतारावरून तर नक्कीच. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं आणि वापरायचा सराव हवा. हे स्कीच्या बजेटमधूनच वजा करा. रुंद स्कीऐवजी साधी घेऊन उरलेल्या पैशात ट्रान्सीव्हर आला तर मी त्याला चांगली खरेदी म्हणेन. आणि बाबा रेशी किंवा टंगमर्गकडे पहिल्यांदा उतरताना स्थानिक गाईड घ्या. जंगलात खाली नाले एकात एक मिळतात, चुकीच्या नाल्यात गेलात तर कमरेइतक्या बर्फातून चालत वर यावं लागतं. टंगमर्गहून परत यायला सुमो मिळते, साखळ्या लावलेली.

आता ज्याने मी खरं तर सुरुवात करायला हवी होती: बूट. तुमच्या पत्रात बुटाचा उल्लेखच नाही, म्हणजे अजून भाड्याचेच वापरता. भाड्याच्या, आतून बसकण मारलेल्या बुटात तुम्ही कितीही चांगली स्की घाला, पाय आत वळतो आणि स्की तिथेच राहते. पैसे एकाच वस्तूचे असतील तर या वर्षी बूट घ्या आणि स्की भाड्याने. गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानांत आता रुंद जोड्याही असतात, संख्या कमी, म्हणून वादळाच्या आदल्या संध्याकाळीच जाऊन बाजूला काढून ठेवायला सांगा. दोन दिवस 100 च्या आसपासची, दोन दिवस 110 च्या वरची घालून एकाच झाडीतून उतरा. तुमच्या मांड्या जे सांगतील ते माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा खरं असेल. बूट निवडताना पंजाची रुंदी आधी मोजा. माझे पाय जन्मभर चपलांत पसरलेले, 98 मिलिमीटरच्या साच्यात दोन तासांत बधिर होतात. मी 102 चा घेतो. तुमच्या पातळीला फ्लेक्स, म्हणजे बुटाचा ताठपणा, 100 च्या आसपास ठीक.

बूट आधीच घेतले असतील तर टाचेजवळ सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, 305, 315 अशी. ती कळवा, आणि सोल जुन्या पद्धतीचा सपाट आहे की ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा असा किंचित गोलसर रबरी, तेही. त्याशिवाय बाइंडिंग मागवू नका.